नर्सिंगच्या अर्जातले रकाने

बारावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपल्यावर एक विषय हमखास निघतो. पोरीला नर्सिंगला घालायचंय, फॉर्म कुठं भरायचा, पैसे किती लागतील? फॉर्मचं मी सांगणारच आहे, पण आधी त्या फॉर्मचा इतिहास सांगते. नर्सिंगच्या शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला गेल्या दीडशे वर्षांत काय काय विचारलं गेलं, तोच हा इतिहास. वय काय? चालचलणूक कशी? नवरा आहे की नाही? जात कोणती? इंग्रजी येतं का? आणि आता विचारतात, अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं का? हा शेवटचा प्रश्न दिसायला साधा आहे. पण आपल्याकडच्या पुष्कळ मुली तिथंच अडकतात, आणि अडकल्याचं त्यांना दोन वर्षांनी कळतं.

सुरुवात विलायतेतून करावी लागते, कारण शिकून, प्रमाणपत्र घेऊन नर्स व्हायचं ही पद्धत तिकडून आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा हातातला दिवा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत जखमी शिपायांची सेवा करायला ती गेली, रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरायची, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मला विचाराल तर तिचं त्याहून मोठं काम नंतरचं आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिच्या नावच्या निधीतून नर्सेससाठी शाळा निघाली. तिथं येणाऱ्या बाईनं साधारण २५ ते ३५ वयाची असावं, तब्येत धडधाकट असावी आणि चांगल्या चालचलणुकीचा दाखला आणावा, अशी अपेक्षा होती. शिकताना ती वेळेवर येते का, नीटनेटकी राहते का, तिच्यावर विश्वास टाकता येतो का, याची दर महिन्याला वहीत नोंद व्हायची. इंग्लंडात तेव्हा इस्पितळातली नोकरी हलकी समजत, तिथल्या बायांबद्दल लोक वाईटसाईट बोलत. तो डाग पुसायचा म्हणून चारित्र्याचा रकाना अर्जात पहिल्यापासून घातला गेला. पुढं आपल्या देशात शाळा निघाल्या तेव्हा तो रकाना तसाच इकडं आला.

आपल्याकडं सेवा करणाऱ्या बाया नव्हत्या असं नाही. गावोगाव सुईण होती. मध्यरात्री कंदील घेऊन तिला बोलवायला माणूस जायचा. बाळंतीण मोकळी झाली की पायलीभर धान्य, चोळीचा खण, नारळ देऊन तिची बोळवण व्हायची. आणि ती उंबऱ्याबाहेर पडली की घर धुऊन काढायचे, विटाळ झाला म्हणून. तिच्या हातांची गरज होती, पण तिची सावली नको होती. असं ज्या कामाबद्दल मनात बसलेलं, ते काम शिकायला बरी म्हणवणारी घरं आपली लेक पाठवतील कशी?

मुंबईत जे.जे. इस्पितळ १८४५ पासून होतं. पण पुरुष डॉक्टरपुढं जाण्यापेक्षा बायका घरात मरण पत्करत. म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून बायका आणि मुलांसाठी वेगळं इस्पितळ बांधलं गेलं. हे कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं. तिथं डॉक्टरही बायकाच असणार, असं ठरलं होतं, आणि एडिथ पेची नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई त्यासाठी १८८३ मध्येच मुंबईला येऊन राहिल्या होत्या. त्याच सुमारास, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी देशभर बायकांना बाई डॉक्टर, नर्स आणि शिकलेल्या दाया मिळाव्यात म्हणून निधी उभा केला. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या १८८६ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे काळ हलायला लागला होता.

इमारत झाली, डॉक्टरीणबाई आल्या. पण नर्सेस कुठून आणायच्या? पहिल्या काळात या कामाला आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि काही पारशी बाया. मोठ्या इस्पितळांत इंग्रज जोगिणी सेवा करत आणि शिकवतही. आपण आज सरकारी दवाखान्यात ‘ओ सिस्टर’ म्हणून हाक मारतो ना, तो शब्द या जोगिणींचा आहे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात १८९१ सालच्या एका ओळीत एक नाव येतं, बाई काशीबाई गणपत, प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून. एका गुणाच्या प्रश्नासाठी आम्ही ते पाठ करायचो. त्या बाईला घरून निघताना काय काय ऐकावं लागलं असेल, हे त्या वयात आमच्या मनातही यायचं नाही.

मग आला प्लेग. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत, नंतर पुण्यात. शिकलेल्या नर्सेस इतक्या कमी होत्या की प्लेगच्या इस्पितळांसाठी विलायतेहून नर्सेस मागवाव्या लागल्या. पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांच्या मुलानं, डॉक्टर यशवंतरावांनी, ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याजवळ नर्सिंगचं कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. तरी आपल्या मातीत नर्सिंगचा इतिहास सांगताना मी त्यांचं नाव नाइटिंगेलबाईंच्या शेजारी घेते.

आता जरा थांबून सांगावी अशी गोष्ट आहे पुण्याच्या सेवासदनाची. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाई रानडे तेव्हा अजून चाळिशीच्या आतल्या होत्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, ससून इस्पितळात रोग्यांकडं फळं, फुलं घेऊन जाऊ लागल्या. १९०९ मध्ये त्यांनी आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. मोठ्या वयाच्या, शिक्षण राहून गेलेल्या बाया, विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, अशांना आधी लिहायला-वाचायला शिकवायचं आणि मग पायावर उभं राहता येईल असं काहीतरी हाताशी द्यायचं. त्यातलंच एक म्हणजे ससूनमध्ये नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण. संस्थेनं या बायांची राहण्याची सोय केली.

ही राहण्याची सोय मला फार महत्त्वाची वाटते. बापाच्या मनात पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतोच. रात्रपाळी करून आलेली पोर झोपणार कुठं, जेवणार कुणाच्या हातचं, तिच्यावर नजर कुणाची, हे त्याच्या मनात असतं. रमाबाईंनी त्या प्रश्नाला उत्तर दिलं तेव्हा कुठं हिंदू घरातल्या बाया त्या दारातून आत गेल्या.

तरी लोकांनी सोडलं नाही. बामणाच्या विधवा परपुरुषाच्या जखमा धुणार, म्हणून टीका झाली. सेवासदनाच्या एका समारंभात केस काढलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढली. वर गॅलरीत कॉलेजातली मुलं बसली होती, त्यांनी हुर्यो उडवली. रमाबाई एरवी मऊ बोलणाऱ्या. पण त्या दिवशी भाषणाला उभ्या राहिल्या आणि त्या मुलांना सगळ्यांदेखत खडसावलं, की कॉलेजात जाता आणि तुमच्याच घरात अशा बहिणी असताना त्यांना हसता, तुम्हाला शिकलेले म्हणायचं कसं? त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डोईवर पदर, हातात बक्षीस, आणि वरून टाळ्या-शिट्ट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत वॉर्डात गेली असणार.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे. घरातलं दार जिच्यासाठी बंद झालं, तिच्यासाठी नर्सिंगचं दार उघडलं गेलं. विधवा, टाकलेली, अनाथ. पुढं कितीतरी वर्षं नर्सिंगच्या शाळा अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायांनाच घेत. त्यामुळं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं की जिला कुणी नाही तीच नर्स होते. धंदा वाढला, पगार आले, पण हा समज मागं लागून राहिला. आजही स्थळं बघताना ‘मुलगी नर्स आहे’ म्हटल्यावर काही घरांत क्षणभर शांतता पसरते. ती शांतता शंभर वर्षं जुनी आहे.

१९३५ साली मुंबई इलाख्यात नर्सेस, सुइणी आणि आरोग्य अभ्यागतांच्या नोंदणीचा कायदा झाला. बातमी छोटी वाटते, पण आपल्या कामाची आहे. तोवर पांढरा पोशाख घातला की कुणीही नर्स म्हणवून घेऊ शकत होतं. आता ठरावीक शिक्षण, परीक्षा आणि सरकारी पटावर नाव. म्हणजे नर्स कोण आणि कोण नाही, हे कपड्यावरून न ठरता नोंदणीवरून ठरू लागलं. पुढं महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा १९६६ मध्ये आला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारनं देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर, आपल्या नाशिकचे, पुण्यात शिकलेले. १९४६ मध्ये समितीचा अहवाल आला. त्यातला आकडा ऐका. अख्ख्या देशात नर्सेस साधारण ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. हजार वस्तीचं गाव धरलं तर त्रेचाळीस गावांना मिळून एक नर्स, आणि तीसुद्धा बहुतेक शहरात. डॉक्टर तेव्हा ६,३०० माणसांमागं एक होता. नर्स डॉक्टरपेक्षाही दुर्मीळ होती! नर्सेसची राहण्याची दशा, कामाचे तास, मिळणारा मान याबद्दलही समितीनं कडक शब्दांत लिहिलं. ५०० माणसांमागं एक नर्स हवी, असं दूरचं उद्दिष्ट ठेवलं. आणि नर्सिंगमध्ये विद्यापीठाची पदवी असावी, असं सुचवलं.

त्याच १९४६ साली दिल्लीत नर्सिंगचं कॉलेज निघालं. आज ते राजकुमारी अमृत कौर यांच्या नावानं ओळखलं जातं. आणि तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. देशात नर्सिंगच्या शिक्षणाचा दर्जा काय असावा, हे तेव्हापासून ही परिषद ठरवते. मुंबईत महर्षी कर्व्यांनी उभ्या केलेल्या महिला विद्यापीठानं, म्हणजे एस.एन.डी.टी.नं, १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढलं आणि आपल्याकडच्या मुलींना पदवीसाठी दिल्ली-वेल्लोर गाठायची गरज उरली नाही. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं.

पदवी कशाला हवी होती? नुसतं पट्टी बांधायला चार वर्षं लागत नाहीत. पण औषध का दिलं, किती दिलं तर घात होईल, रोग्याचा श्वास बदलला तर डॉक्टर यायच्या आधी काय करायचं, हे समजायला शरीराचं शास्त्र लागतं. वॉर्ड चालवायला, शिकाऊ मुलींना शिकवायला, हिशेबानं माणसं नेमायला अभ्यास लागतो. नर्स डॉक्टरचा नुसता हात नाही, तिला स्वतःचं डोकं आहे, हे पदवीमुळं कागदावर आलं. आणि त्याच पदवीबरोबर अर्जात नवा रकाना आला, तो म्हणजे विज्ञान.

आता त्या रकान्याकडं येऊ. चालचलणुकीचा जुना जाच गेला, नवरा आहे का विचारणं गेलं, सगळ्या जातींना दार उघडलं, राखीव जागा आल्या, मुलगेही येऊ लागले. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं. म्हणजे मुलगी नर्सिंगची पदवी घेऊ शकेल की नाही, हे बारावीच्या निकालाला ठरत नाही, ते दहावीनंतरच्या जूनमध्ये ठरतं. गावात ज्युनिअर कॉलेज आहे, तिथं फक्त आर्ट्स आहे, सायन्ससाठी एसटीनं तालुक्याला जावं लागतं, पास काढावा लागतो, परत यायला अंधार पडतो, म्हणून आपण पोरीला आर्ट्सला घालतो. कुणी तिला नर्सिंगपासून अडवलेलं नसतं. पण तो रकाना तिच्यासाठी त्याच दिवशी बंद झालेला असतो. रमाबाईंनी ससूनच्या बायांसाठी राहण्याची सोय केली होती. आज तीच सोय एसटीच्या वेळेत किंवा तालुक्याच्या वसतिगृहात शोधावी लागते. हा विषय गटानं घ्यावा, असं मला फार वाटतं. चार-पाच मुली मिळून सायन्सला जाणार असतील तर आगारात अर्ज देता येतो, रिक्षा ठरवता येते.

जिनं आर्ट्स घेतलं आहे तिनं अगदी निराश व्हायचं कारण नाही. जी.एन.एम. म्हणजे तीन वर्षांची पदविका आणि ए.एन.एम. म्हणजे आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचं दोन वर्षांचं शिक्षण, यांना कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात. जी.एन.एम. करून नोंदणी झाली की पुढं दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते. रस्ता लांबचा आहे, पण जातो तिथंच. माझ्याबरोबरच्या काही परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका याच वाटेनं आलेल्या होत्या.

दुसरी अडचण तारखेची. बी.एस्सी. नर्सिंगसाठी २०२३ पासून राज्याचा सीईटी कक्ष वेगळी प्रवेश परीक्षा घेतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभियोग्यता असे तिचे भाग. या परीक्षेचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. सुरुवातीला मी म्हटलं ना, निकाल लागला की गटात विषय निघतो. तोवर त्या वर्षीची गाडी निघून गेलेली असते. बारावीच्या दिवाळीपासून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. परीक्षा झाली की मग कॅपची, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीची नोंदणी वेगळी करावी लागते. हे दोन फॉर्म आहेत, एक नाही. एक भरून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

कॅपमधूनच जा, यालाही कारण आहे. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा समाजाच्या राखीव प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क माफ करायचा निर्णय राज्यानं २०२४ मध्ये घेतला, तो सरकारी फेरीतून आलेल्यांसाठी आहे. संस्थेच्या कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला तो लागू होत नाही. आणि शुल्क माफ झालं तरी मेस, गणवेश, पुस्तकं, जाणं-येणं राहतंच. गटाचं कर्ज त्याला उपयोगी पडतं.

कागदांत सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी प्रमाणपत्र वेगळं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधण्यात महिने जातात. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाकून ठेवा. अधिवासाचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला सेतूतून निघतो, पण निकालाच्या दिवसांत तिथं रांग असते. आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना, ते बघा. आधारवर ‘सुरेखा’ आणि दाखल्यावर ‘सुलेखा’, एवढ्यानं जागा गेलेली आहे.

इंग्रजीबद्दल थोडं. पदवीची पुस्तकं इंग्रजीत असतात. पहिल्या सहा महिन्यांत शरीररचना, शरीरक्रिया, परिचर्येची मूलतत्त्वं असं एकदम अंगावर येतं आणि मराठी माध्यमाची हुशार मुलगी गप्प होऊन बसते. तिला विषय कळत नाही असं नसतं, शब्द अडतात. यकृत तिला माहीत असतं, ‘लिव्हर’ही माहीत असतं, पण ‘हिपॅटिक’ म्हटलं की ती बिचकते. बारावीनंतरच्या सुट्टीत जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक घेऊन रोज दहा शब्द, मराठी अर्थासकट वहीत लिहायचे. तीन महिन्यांत नऊशे होतात. सेवासदनातल्या बायांनीसुद्धा आधी अक्षरं गिरवली होती, मग ससूनची पायरी चढल्या होत्या.

आणि शेवटी १९३५ च्या त्या पटाची आठवण ठेवा. तालुक्याच्या गावी जिन्याखाली पाट्या लागलेल्या असतात, सहा महिन्यांत नर्सिंग, वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत ही संस्था आहे का? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? पदवी असेल तर विद्यापीठ कोणतं? उत्तर तोंडी घेऊ नका, परिषदेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाच्या यादीत नाव स्वतः बघा किंवा मुलीला बघायला लावा. त्या यादीत नाव नसेल तर शिकून झाल्यावर नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर सरकारी जागेचा अर्जच भरता येत नाही, मग अंगात पांढरा कोट असो की निळा.